पेचकस हवालदाराचं तळं

माणसं कानानं ऐकतात. आमचा हणमंता हवालदार पेचकसानं ऐकायचा.

हातभर लांब, लाकडी मुठीचा पेचकस. ज्याच्या पोटात काय चाललंय ते कळायला पाहिजे, त्याला टोक लावायचं आणि मूठ धरायची स्वतःच्या कानाला. मग डोळे मिटायचे, ओठ आत ओढायचे, आणि जरा वेळानं म्हणायचं, "आवाज सांगतोय, गड्या."

फौजेत तो फिटर होता. तिथं गाड्यांच्या इंजनांची पोटं असंच तपासायचा. फौज सुटली, पेचकस काही सुटला नाही. गावात तवा इंजन नावाला नव्हतं, म्हणून मग हाताला लागेल ते त्यानं तपासायला घेतलं. आमच्या गाभण म्हशीला पेचकस लावला आणि म्हणाला, "रेडी हाय." रेडी झाली, तर गावभर सांगत हिंडला. बाजारात कलिंगडाला लावला, तवा बागवानानं हातातलं कलिंगड काढून घेतलं. एकदा देवळात भजन रंगात आलेलं असताना हा उठला, पखवाजाला पेचकस लावला आणि पखवाजवाल्याला सांगितलं, "उजव्या अंगाचं वायसर सैल हाय." पखवाजाला वायसर नसतं हे त्याला सांगायला गेलेला माणूस तासाभरानं घरी गेला, तो पखवाजाला वायसर असायला पाहिजे असं म्हणत.

मी शिकलो दुसरीपर्यंत. लिहिण्यात चुका असतील. पण ज्याला हसायचं त्यानं आधी एक सरी सरळ पाडून दाखवावी. दुसरं असं, की मी उभ्या जन्मात कुणाचे उपकार घेतले नाहीत. सुई उसनी घेतली नाही. "उपकार झाले" हे शब्द माझ्या तोंडातनं कधी निघाले नाहीत, आणि हवालदारापुढं तर नाहीच नाहीत. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं गाव पलूसच्या पलीकडं, कृष्णेपासनं कोसभर आत. तवा ते सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. गाव काही हललं नाही, जिल्हा हलला. घरटी एक माणूस फौजेत. लढाई संपली आणि एकेक करून पोरं परत यायला लागली. कुणी छातीवर बिल्ले लावून आलं, कुणी पाय गमावून. हणमंता आला तो पेचकस, एक पत्र्याची पेटी आणि एक कल्पना घेऊन. त्याची बायको तो लढाईवर असतानाच गेली होती. विहिरीच्या पायऱ्यांवरनं पाय घसरला. मूलबाळ नव्हतं. माझ्या घराला लागूनच त्याचं दोन खणांचं घर, मधे नुसता बोरीच्या काट्यांचा कूड.

घरात सामान म्हणाल तर काही नाही. दोन भांडी, घोंगडं, आणि खुंटीला एक मोठा कंदील. अगदी नवाकोरा. दोन बोटं रुंद वातीचा, जाड काचेचा. रोज दिवस मावळायच्या सुमाराला हा तो कंदील खाली काढायचा, फडक्यानं काच पुसायची, परत खुंटीला लावायचा आणि मग चिमणी पेटवून तिच्या धुरात भाकरी खात बसायचा.

मी एकदा म्हटलं, "आरं, येवढा लाटसायबाच्या बंगल्यातला कंदील हाय, आन् अंधारात खोकत बसतोयस व्हय?"

"वात कोरी हाय," तो म्हणाला. जसं काही ते उत्तर होतं.

आता कल्पनेचं सांगतो. आल्यावर महिन्याभरात त्यानं परसात खड्डा खणायला घेतला. लोकांना वाटलं विहीर काढतोय. पण हा आडवाच खणत सुटला. छातीएवढा खोल झाला आणि थांबला. मग कुंभाराकडची चिकण माती आणून तळाला पसरली आणि माझ्या दोन म्हशी मागायला आला.

"म्हशी कशाला?"

"माती तुडवायला. आपल्या पायांनी तुडवली की पाणी झिरपतं. म्हशीचा पाय म्हंजे रोलर."

सगळं झाल्यावर त्यानं जाहीर केलं की परसात मासे पाळणार. "बंगालात घरामागं तळं असतंच," लढाईत तिकडं राहून आलेला तो सांगायचा. "जशी आपल्यात तुळस. कालवणाला काय न्हाई म्हनलं की बाई उठती, टोपलं बुडवती, मासं घिऊन येती. आन् आपली मानसं नदीला भोयाच्या तोंडाकडं बघत बसत्यात."

मासे पाळायचे म्हणजे काय पाळायचं, हेच आम्हाला कळेना. कोंबडी पाळली तर ती अंगणात दिसते. मासा पाळला की नाही हे बघणार कुठनं? पण पावसाळ्यात नदी चढली तशी हा भोयांकडनं माशांची बारीक पोरं आणायला लागला. घागरीत पाणी, पाण्यात पोरं, आणि घागर सायकलीच्या मागं दोरीनं बांधलेली. वाटेत खड्डा दिसला की माणूस सायकल बाजूला घेतो. हा मुद्दाम खड्ड्यात घालायचा. कोसभराच्या वाटेत एक खड्डा त्यानं सोडला नाही. समोरनं येणारा माणूस ओरडायचा, "आरं हौलदार, डोळं फुटलं का?" तर हा वरनं म्हणायचा, "हिंदळायला पायजे. पानी हिंदळलं की त्यात वारा शिरतो. न्हाईतर पोरं गुदमरत्यात." पोरं जगली. सायकलीचं मागलं चाक मात्र वडीच्या पानासारखं वाकडंतिकडं झालं.

पुढं त्याला वाटायला लागलं की तळ्यातल्या पाण्यालाही कुणीतरी हिंदळायला पाहिजे. तळं काही खड्ड्यातनं नेता येत नाही. मग तो सांगलीला गेला आणि कुठल्या तरी मोडक्या गुऱ्हाळावरनं एक बंद पडलेलं इंजन घेऊन आला. ते आणायला बैलगाडी माझी, बैलं माझी, आणि वाटेत शिव्या खाल्ल्या त्याही मीच.

इंजन परसात उभं राहिलं. तीन आठवडे हा पेचकस लावून त्याच्या पोटाशी बसलेला. लोक म्हणायचे, बायकोपाशी एवढा बसला नाही. मला ते बोलणं आवडलं नाही, पण हसलो मीही. मग एक दिवस सकाळी इंजनानं धूर टाकला, दोनदा ठसकलं आणि ठॅक ठॅक करत चालू झालं. हवालदार दोन पावलं मागं सरला, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

"इंजनाला सलाम?" मी म्हटलं.

"वयानं मोठं हाय. मी हवालदार, ते सुभेदार."

तेव्हापासनं इंजनाचं नाव सुभेदार पडलं. सुभेदार करायचा काय, तर तळ्यातलं पाणी पंपानं वर ओढायचा. वर चार बांबूंवर रॉकेलचे डबे टांगलेले, डब्यांच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेली. पाणी त्या भोकांतनं झरझर परत तळ्यात पडायचं. बस, एवढंच. चावडीवर आठ दिवस दुसरा विषय नव्हता. तळ्यातलं पाणी उपसतोय आणि तळ्यातच टाकतोय. माणूस फौजेत जाऊन असा परत आला म्हणून काही जणांनी हळहळ केली.

"हळहळू नगा," हवालदार म्हणाला. "मासा पान्यात दम घेतो. पान्यात वारा न्हाई तर मासा न्हाई. उनाळ्यात पानी तापलं की त्यातला वारा उडतो. तवा बगा, मासं तोंड वर काढत्यात. त्ये तुमास्नी हाक मारत असत्यात."

"कुनाला, आमाला?"

"ऐकू आलं तर."

आता रॉकेल. तवा रॉकेल कार्डावर मिळायचं, तेही मापात. आमच्यात दुकान होतं ते अण्णांचं. अण्णा जैन, मुंगीलासुद्धा वाट देऊन चालणारा माणूस. हवालदार बाटली घेऊन त्यांच्या दुकानात उभा राहिला तवा मी मीठ घ्यायला तिथंच होतो.

अण्णा म्हणाले, "हनमंता, मासं खायासाठी रॉकेल मागतोस. माझ्या हातनं ते पाप हुनार न्हाई."

"अण्णा, खायाला रॉकेल लागत न्हाई. मी त्यास्नी दम द्यायला मागतोय."

अण्णांनी मनाशी हिशोब मांडला. इकडं जीव खातात, तिकडं जिवाला श्वास देतात, दोन्ही एकच माणूस. शेवटी म्हणाले, "आमच्यात दिवस बुडायच्या आत जेवनं हुत्यात. दिवा जास्ती लागत न्हाई. आमच्या वाटचं थोडं ऱ्हातं, ते घिऊन जा. पर येक वचन दे. ज्या दिशी माझं रॉकेल जळंल, त्या दिशी तुजं जाळं कोरडं."

हवालदारानं वचन दिलं आणि शेवटपर्यंत पाळलं. एक दिवस सुभेदार चालायचा, एक दिवस जाळं पडायचं. अण्णांच्या पुण्याच्या दिवशी मासे श्वास घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी गावाच्या पोटात जायचे. अण्णांना हे कळत नव्हतं असं नाही. पण हिशोबात बसत होतं.

इथवरचं सगळं हसण्यावारी होतं. आता जे सांगतोय ते तसं नाही.

त्या फाल्गुनात माझी बायको तानू सहाव्या महिन्याची होती. आमच्या लग्नाला सात वर्षं झालेली, आणि हे पहिलंच. एकदा दिवस मावळल्यावर ती सोप्यातनं आत येताना उंबऱ्याला अडखळून पडली. हातावर पडली म्हणून निभावलं. मी ओरडलो, बघून चालता येत नाही का म्हणून. ती भिंत धरून उठली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला, तर तिचा हात तांब्याच्या वीतभर डावीकडनं गेला.

"तानू, दिसत न्हाई का तुला?"

"दिवसा दिसतं," ती म्हणाली. "सांज झाली की समदं जातं. महिना झाला."

महिनाभर ती भिंतीला हात लावून लावून घरात वावरत होती आणि मला पत्ता नव्हता. मी तिला बजावलं, हे कुणाला सांगायचं नाही. म्हटलं ना, माझा स्वभाव. घरातली उणी बाजू कुडापलीकडं जाता कामा नये. घुगऱ्या वाटायच्या वेळी आंधळीचा नवरा म्हणून कुणी बघितलेलं मला चाललं नसतं.

चार दिवसांनी सकाळी दारात पळसाचं पान. पानावर बोटाएवढे बारीक मासे, मूठभर. हवालदाराचे. परसातल्या तळ्यात आता हातभर लांबीचे मासे होते, ते सगळ्या गावानं बघितलेले. आणि मला हे धाडतोय. मी पान उचललं आणि तडक कुडापाशी गेलो.

"हौलदार, मोठं मासं पाटलाला आन् कचरा शेजाऱ्याला व्हय? आमच्यात कुनाचं उष्टं खात न्हाईत."

तो सुभेदाराला तेल देत होता. मान वर न करता म्हणाला, "तुला कुटं दिल्यात? वैनीला दिल्यात. डोस्क्यासकट, डोळ्यांसकट कालवन करायचं. मोठ्या माशाचं डोस्कं तू टाकून देशील. ह्ये टाकता येत न्हाईत, म्हनून बारीक."

"का?"

तेव्हा त्यानं वर बघितलं. "वैनी सांजची घागर पायरीवर ठेवत न्हाईत, पायरीच्या भाईर ठेवत्यात. चार दिस बगतोय."

मी पान तिथंच त्याच्या मातीत ठेवलं आणि परत आलो. असा मी. पण रात्रभर झोप आली नाही, आणि दोन दिवसांनी तानूला गाडीत घालून मिरजेच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, पोटुशी बायकांना होतं असं, अंगात कस कमी पडतो. औषध दिलं आणि वर सांगितलं, पालेभाजी खा, काळीज खा, बारीक मासे खा. डोक्यासकट.

घरी आलो तवा दारात पान होतं. मी ते आत नेलं.   तेव्हापासनं जाळ्याच्या दर दिवशी पान यायचं आणि मी ते मुकाट्यानं आत न्यायचो. वैशाख उजाडला तोवर तानूला संध्याकाळी चुलीचा जाळ दिसायला लागला होता. जाळाभोवतीचं नव्हतं दिसत. "दुधात पडल्यावानी हाय," म्हणायची. दिवस भरायला महिना राहिलेला. नदी आटून भोयांची डोणी वाळूवर पडलेली. मासा होता तो फक्त त्या परसातल्या तळ्यात.

आणि तिथं मी काय केलं ते ऐका.

फुकटचे मासे खातोय हे मला रोज टोचत होतं. काहीतरी फेडायला पाहिजे. शेतकऱ्याकडं देण्यासारखं असतं काय? खत. मी एकदा हवालदाराला पाण्यात पसाभर शेण कालवताना बघितलं होतं. त्यानं पाण्यात शेवाळ धरतं, शेवाळावर मासे पोसतात, असं तो म्हणाला होता. माझ्या मनानं घेतलं, पसाभर शेणानं जर बोटभर मासा होतो तर पाटीभर शेणानं काय होईल. उसाला जास्ती घातलं की ऊस जास्ती येतो. पिढ्यान् पिढ्या हेच शिकलेला मी. हवालदार इंजनाचं कायसं आणायला कडेगावला गेला होता. त्या दिवशी दुपारी मी माझ्या गोठ्यातल्या पाच पाट्या ताजं शेण त्याच्या तळ्यात नेऊन ओतलं. वर काठीनं ढवळलं. आभाळ भरून आलेलं, वारं पडलेलं, अंगाची नुसती काहिली. मी घाम पुसला आणि बरं वाटलं. फेड झाली.

पहाटे तांबडं फुटायच्या आधी कुडापलीकडनं हाक आली. "नामा. ये."

नुसतं एवढंच. मी गेलो. आदल्या रात्री उशिरा तो परत आला होता. आता तळ्याच्या काठावर गुडघे टेकून बसला होता, पेचकसाचं टोक पाण्यात, मूठ कानाला. पाणी काळं पडलेलं आणि त्याला वास सुटलेला. आणि त्या सगळ्या पाण्यावर तोंडं. लहान, मोठी, हजारभर असतील, वर आलेली, उघडमीट करणारी. आवाज पेचकसाशिवाय ऐकू येत होता. बारीक, चपचप, जसं पावसाळ्यात चिखलात काही चाललेलं असतं. बारीक मासे काठाला पांढरे होऊन लागले होते.

"मी घातलं," मी म्हणालो. "पाच पाट्या."

मला वाटलं हा आता पेचकस माझ्या डोक्यात घालणार. घातला असता तर बरं झालं असतं.

"शेन कुजतंय, त्ये समदा वारा खातंय," तो म्हणाला. "सूर्य उगवून शेवाळाला ऊन लागंस्तवर दम द्यायला पायजे. सुभेदारात रॉकेल न्हाई. चल, पाय धू."

मासे जगवायला पाय कशाला धुवायचे ते कळायच्या आत त्यानं घरामागच्या छपरातनं एक यंत्र ओढत आणलं. सायकलच ती, तीच वडीच्या पानाच्या चाकाची. लाकडी घोड्यावर बसवलेली, आणि मागल्या चाकाला पत्र्याची पाती ठोकलेली. घोडा उथळ पाण्यात रोवला तसं चाक निम्मं बुडालं. "बस. मारत ऱ्हा."

मी उभ्या जन्मात सायकलीवर बसलो नव्हतो. बसलो. पायडल मारलं तशी पाती पाण्यावर आपटली, सगळं पाणी उसळून माझ्या पाठीवर. वीस-पंचवीस पायडलं झाली आणि पिंढऱ्या पेटल्या. तो बांबूवर चढला, घागरीनं पाणी उंचावरनं ओतायला लागला. मग मी उतरायचो, तो बसायचा. आळीपाळीनं. तांबडं फुटलं तशी कुडापलीकडं माणसं जमायला लागली. कुणीतरी विचारलं, "नामा, कुटं निगालास?" दुसरा म्हणाला, "सासुरवाडीला. पर तासाभरात तळ्याच्या भाईर न्हाई पडला." मी, जो चावडीसमोरनं जाताना पागोटं सावरून जायचा, तो धोतर वर खोचून न हलणाऱ्या सायकलीवर पाय मारत होतो, आणि शेणाचं पाणी माझ्या मिशीतनं गळत होतं. मी वर बघितलं नाही. चुलीपुढं भिंत चाचपणारी तानू तेवढी डोळ्यापुढं होती.

माझी पाळी संपली, तो बसला. पायडल मारता मारता, मान खाली घालून, मला एकट्याला ऐकू जाईल इतकंच बोलला.

"त्यो कंदील बगितलास न्हवं, खुटीवरचा?"

"व्हय."

"तिचं पत्र आलतं मला. मास्तराकडनं लिवून घेतल्यालं. सांजचं दिसत न्हाई म्हनून. पोटुशी हुती. मी फिटर. मी म्हनलं, दिसत न्हाई म्हंजे उजेड कमी पडतोय. कलकत्त्यात सगळ्यात मोठा कंदील घेतला आन् धाडून दिला." चार पायडलं त्यानं जोरात मारली. "कंदील पोचला. ती त्याच्या आधी चार दिस हिरीवर गेली सांजची."

पत्र लिहिणाऱ्या मास्तराशिवाय गावातल्या कुणालाही हे ठाऊक नव्हतं. शेवाळावरनं पाय घसरला असंच आम्ही सगळे धरून चाललेलो. पोटुशी होती हेही कुणाला माहीत नव्हतं. तिनंही माझ्या तानूसारखंच कुडाबाहेर काही जाऊ दिलं नव्हतं.

"मागनं बंगालात येक म्हातारी भेटली. तिला सांगितलं तर मलाच हसली. म्हनली, ह्येला औषिद घरामागं पवतंय. बारीक मासं." त्यानं कपाळावरचं पाणी पुसलं. "तू शेन जास्ती घातलंस. मी उजेड जास्ती घातला. मानूस जवा घाबरतो तवा जास्ती घालतो. तू मधीच उतरू नयेस म्हनून ह्ये सांगितलं. ये, तुजी पाळी."

मी बसलो. त्यानंतर पिंढऱ्या दुखल्याचं मला आठवत नाही.

उन्हाची पहिली तिरीप पाण्यावर आली तवा अण्णा आले. देवदर्शन करून, धूतवस्त्रात, हातात बाटली. शेणाच्या चिखलात ते कुडापर्यंतच आले आणि बाटली पुढं केली. "घरातल्या दिव्यांतलं काडलं समदं. सुभेदाराला पाज." मग म्हणाले, "आज जाळं न्हाई हां." हवालदार म्हणाला, "आठ दिस न्हाई, अण्णा."

सुभेदार ठसकला, चालू झाला. डब्यांतनं पाणी झरायला लागलं. दिवस कासराभर वर आला तवा पाण्यावरची तोंडं एकेक करून खाली गेली. हवालदारानं पाण्यात पेचकस धरला, डोळे मिटले आणि लई वेळ तसाच बसला. मग म्हणाला, "आवाज सांगतोय, गड्या. दम घेत्यात." निम्मे मेले. निम्मे राहिले. राहिले ते पुरले.

ज्येष्ठात तानू बाळंत झाली. मुलगी. बाराव्या दिवशी बारसं. बायकांनी गाणी म्हटली, घुगऱ्या वाटल्या. हवालदारानं येऊन पाळण्याच्या कड्यांना पेचकस लावला आणि डाव्या कडीत तेल घालायला सांगितलं. मुलीलाही लावणार होता, पण आत्याबाईनं हातावर चापट मारली.

बायका पांगल्या. दिवस मावळून गेलेला, बाहेर नुसता करडा उजेड राहिलेला. मी आणि हवालदार ओट्यावर बसलो होतो. दिवा अजून लावला नव्हता. तानू सोप्यातनं त्याच्यासाठी पुरणपोळीचं ताट घेऊन आली. उंबरा ओलांडला. पाय अडखळला नाही, भिंतीला हात लागला नाही. चार हातांवर थांबली आणि म्हणाली, "भावजी, सदऱ्याचं वरनं दुसरं बटन तुटलंया. दोऱ्यावर लोंबतंय."

हवालदारानं मान खाली घालून छातीकडं बघितलं. त्या उजेडात त्याला स्वतःला ते दिसलं नाही. बोटानं चाचपून बघितलं, तर होतं लोंबकळत.

"वैनी," तो म्हणाला, "तुमी कुटनं बगितलं?"

"हितनं."

"दिवा?"

"आजून न्हाई लावला. सदरा काडून द्या, जाताना असं कसं जाताय. घरात कुनी बगायला न्हाई म्हनून काय झालं."

त्यानं सदरा काढून दिला आणि फौजेतल्या बनियनवर, हात मांडीवर ठेवून बसला, परेडीला बसल्यासारखा. तानू ओट्याच्या कडेला टेकली. दोऱ्याचं टोक ओलं केलं, सुई त्या करड्या उजेडापुढं धरली, आणि पहिल्या खेपेला ओवली.

हवालदार त्या सुईकडं बघत होता. आवाज सांगतोय, असं काहीतरी तो म्हणेल म्हणून मी वाट बघितली.  त्यानं सदरा घातला, बटणावरनं अंगठा फिरवला, ताट जेवला आणि गेला. पेचकस ओट्यावर विसरला. आयुष्यात एकदाच विसरला असेल.

सकाळी पेचकस द्यायला म्हणून दार उघडलं, तर आमच्या दारच्या खुंटीला तो कंदील. काच पुसलेली. वात कोरी. हवालदार कुडापलीकडं सुभेदाराशी काही तरी खुडबुड करत होता, पाठ इकडं करून.

सुई उसनी न घेणारा मी. मी तो कंदील घेतला. संध्याकाळी त्यात रॉकेल भरलं आणि वात माझ्या हातानं पेटवली.

पुढं बरीच वर्षं पान येत राहिलं. मुलीच्या पाठीवर मुलगे झाले. मुलगी मोठी झाली, सासरी गेली, तिला आता नातवंडं आहेत. सुभेदार थकला, हवालदार थकला. तळं मात्र अजून आहे, मी राखतो, पसाभराच्या वर शेण घालत नाही. गावात वीज येऊनही जमाना झाला. पण दिवस मावळायच्या सुमाराला मी कंदील खाली काढतो. सुना म्हणतात, "मामा, द्या हिकडं, आमी पुसतो." काच पुसायचं काम मी कुणाला देत नाही.